"गळा सुजलाय, हिचं लग्न कसं व्हायचं ओ मॅडम?"

मोहोळ-मंगळवेढा बाजूच्या आया हा प्रश्न मला नेहमी विचारतात. मुलगी असते सातवी-आठवीत, आणि आईचं मन पोचलेलं असतं थेट मांडवात. असाच एक अनुभव सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, मुलीला राणी म्हणू.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत आलं होतं. डॉक्टरांनी गळा तपासून गलगंडाची शंका म्हणून चिठ्ठी दिली. ती घरी पोचेपर्यंत गल्लीनं तिचा कॅन्सर करून टाकला होता. राणी मार्चच्या उन्हात गळ्याला ओढणी गुंडाळून माझ्याकडे आली. वर्गातल्या मुली तिच्याजवळ डबा खाईनात, आपल्यालाही लागण होईल म्हणून. गलगंड एकाकडून दुसऱ्याला होत नाही, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

आईला बाहेर बसवून आधी राणीशी बोलले. बराच वेळ गप्प राहून तिनं विचारलं, "गाठ फुटंल का?" मी तिची बोटं माझ्या गळ्यावर ठेवली आणि आवंढा गिळला. मग तिच्या स्वतःच्या गळ्यावर ठेवायला लावली. "वर-खाली झालं ना? ही थायरॉइड ग्रंथी, सगळ्यांनाच असते. तिचं काम चालतं आयोडीनवर. ते कमी पडलं की मेंदूकडून जास्त राबायचा निरोप येतो आणि ती फुगते. फुटत नाही." ओढणी जरा सैल झाली.

आईनं तोवर घरी कोबी बंद केला होता आणि राणीच्या ताटात मीठ वाढवलं होतं. दोन्ही नको. आयोडीन पुरेसं मिळत असेल तर कोबीनं किंवा बाजरीच्या भाकरीनं काही बिघडत नाही. मीठ नेहमीएवढंच, फक्त आयोडीनयुक्त हवं. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला 120 मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, मोठ्यांना 150. एवढ्याशा गोष्टीसाठी 2006 पासून देशभर खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकायला बंदी आहे. तरी सुटं खडेमीठ पोत्यातून विकलं जातंच. (शहरात हल्ली महागडं सैंधव आणतात, त्यातही आयोडीन घातलेलं असेलच असं नाही.)

राणीच्या घरी खडेमीठ आजी आणायच्या, धुऊन घ्यायच्या आणि चुलीशेजारी उघड्या बरणीत ठेवायच्या. आयोडीन असतं तरी पाण्यानं, दमटपणानं आणि धगीनं गेलं असतं. पण सुनेसमोर सासूला चुकीचं ठरवलं तर मीठ बदलत नाही, नुसती भांडणं वाढतात. म्हणून पुढच्या वेळी आजींनाच बोलावलं. मिठातलं आयोडीन तपासायचं किट आशाताईंकडे असतं, त्यातला थेंब त्यांनीच पुड्यातल्या आणि घरच्या मिठावर टाकला. पुड्यातलं मीठ निळं-जांभळं झालं, म्हणजे त्यात आयोडीन होतं; घरचं पांढरंच राहिलं. आजींनी चष्मा पुसून पुन्हा थेंब टाकून पाहिला.

राणीची टीएसएच, म्हणजे थायरॉइडचं काम नीट चाललंय का ते सांगणारी रक्ताची तपासणी, नॉर्मल आली. डॉक्टरांनी काही महिन्यांनी पुन्हा दाखवायला सांगितलं. सूज उतरायला वेळ लागतो, हे मी आईला स्पष्टच सांगितलं, नाहीतर पंधरा दिवसांत अंगारे-धुपारे सुरू होतात. प्रत्येक सूज आयोडीनच्या कमतरतेचीच असते असंही नाही, वयात येताना मुलींमध्ये थायरॉइडचे इतर त्रासही दिसतात. म्हणून नुसतं मीठ बदलून घरी बसू नका, रक्त तपासा. गाठ एकाच बाजूला असेल, भराभर वाढत असेल, आवाज बसला असेल किंवा गिळायला त्रास होत असेल, तर थेट सिव्हिल गाठा.

उठता उठता आजी म्हणाल्या, "आन् आमची नातसून? चौथा चालूय तिला." मी त्यांना परत बसवलं. गरोदरपणी गरज 250 मायक्रोग्रॅमवर जाते. तेव्हा आयोडीन फार कमी पडलं तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते, आणि ते गळ्यासारखं वरून दिसत नाही. मिठाचा पुडा आजच आणा, झाकणाच्या बरणीत चुलीपासून लांब ठेवा, भाजी उतरवताना मीठ घाला आणि नातसुनेला तपासणीला घेऊन या, असं सांगितलं. लग्नाचा विषय मग कुणी काढला नाही.