१.८ टर्बो ऑक्टाव्हियाला ॲडजस्टेबल कॅम पुली लावून टायमिंग किती डिग्री पुढे घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की २००५ ची ऑक्टाव्हिया आरएस आहे, १.८ टर्बो, मागच्या वर्षी सेकंड हँड घेतली, खालच्या आरपीएमला गाडी ओढत नाही म्हणून ऑनलाइन ॲडजस्टेबल कॅम पुली मागवलीय (कॅम म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, या पुलीने त्याचं टायमिंग थोडं पुढे म्हणजे ॲडव्हान्स किंवा मागे करता येतं) आणि आता कुणी चार डिग्री ॲडव्हान्स कर म्हणतंय तर कुणी सहा. भाऊ, पुली अजून डब्यातच असेल तर डब्यातच राहू द्या, आधी हे वाचा. हेच इंजिन माझ्याकडे सात वर्षं आहे, नाशिकमध्येच, आणि कॅम टायमिंगच्या नादात मी बराच पैसा आणि त्याहून जास्त रविवार घातलेत.

पहिली गोष्ट तुमच्या इंजिनाची. यात एका सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, तीन इनटेकचे दोन एक्झॉस्टचे. टायमिंग बेल्ट फक्त एक्झॉस्ट कॅम फिरवतो, आणि इनटेक कॅम दुसऱ्या टोकाला असलेल्या छोट्या चेनवर एक्झॉस्ट कॅमकडून फिरतो. म्हणजे पुढची पुली तुम्ही हलवलीत की दोन्ही कॅम एकत्रच पुढे किंवा मागे जाणार, एकच हलवता येत नाही. होंडा बिंडाच्या बिनटर्बो इंजिनात दोन पुल्या असतात, तिथे लोक इनटेक पुढे एक्झॉस्ट मागे असं करून ओव्हरलॅप वाढवतात, ते व्हिडिओ बघून आपल्या गाडीवर करायला गेलात तर गणितच वेगळं निघतं.

आणि समजा ओव्हरलॅप वाढवता आला असता तरी टर्बोला तो बिनटर्बोसारखा चालत नाही. ओव्हरलॅप म्हणजे एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह अजून पूर्ण बंद झालेला नाही आणि इनटेकचा उघडायला लागलाय तो थोडा वेळ. बिनटर्बोत बाहेर धावणारा गॅस आपल्यामागे ताजी हवा ओढून घेतो, तो फायदा. टर्बोत मात्र एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये टर्बाइन आडवं बसलंय, आणि टर्बो लहान असला की वरच्या आरपीएमला मॅनिफोल्डमधलं प्रेशर इनटेकच्या बूस्टपेक्षाही, म्हणजे टर्बोने आत ढकललेल्या हवेच्या दाबापेक्षाही, जास्त होतं, मग दोन्ही दारं उघडी असताना हवा बाहेर जायच्या ऐवजी जळलेला गरम गॅसच उलटा आत येतो. ताज्या हवेची जागा त्याने खाल्ली, सिलिंडर गरम झाला, नॉकिंग सुरू, म्हणजे पेट्रोल-हवेचं मिश्रण आपोआप भडकून ठोके बसायला लागतात. हल्लीच्या डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो गाड्या खालच्या आरपीएमला मुद्दाम ओव्हरलॅप वाढवून टर्बो लवकर फिरवतात हे खरं, पण तिथे पेट्रोल एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह बंद झाल्यावर थेट सिलिंडरमध्ये जातं. आपल्या इंजिनात इंजेक्टर पोर्टमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हच्या अलीकडच्या हवेच्या वाटेत आहे, आरपार जाणाऱ्या हवेबरोबर पेट्रोलही बाहेर जाणार आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळणार.

मग दोन्ही कॅम एकत्र पुढे घेतले तर काय होतं? इनटेकचा व्हॉल्व्ह लवकर बंद होतो, त्यामुळे हळू आरपीएमला पिस्टन वर येताना हवा परत पोर्टमध्ये ढकलली जात नाही, सिलिंडर जास्त भरतो, खालचा टॉर्क वाढतो. एक्झॉस्टचा व्हॉल्व्हही लवकर उघडतो, गॅसमध्ये दम असतानाच तो टर्बोवर जाऊन आदळतो, टर्बो थोडा आधी उठतो. हे चांगलंय. पण सिलिंडर जास्त भरला म्हणजे दाबलाही जास्त जातो, आणि नॉकिंग नेमकं तिथेच येतं जिथे तुम्हाला जोर हवा असतो, म्हणजे २५०० ते ३५०० ला पाय दाबल्यावर. दोन्ही मागे घेतले तर उलटं, वरच्या आरपीएमला थोडी ताकद यायला हवी, पण या गाडीचा टर्बो मुळातच लहान, वरती तो स्वतःच दमतो, त्यामुळे मागे घेऊन हाती काही लागत नाही, खालचंही जातं.

आता माझ्या गाडीचं सांगतो कारण तुमची तक्रार तंतोतंत तीच वाटतेय. मी गाडी घेतली तेव्हा ३००० पर्यंत गाडी मेलेली, नंतर एकदम जागी व्हायची. मी धरून चाललो की टर्बो गेला, नवीन टर्बोची किंमतही काढून ठेवली होती. अंबडला एका ओळखीच्या मिस्त्रीकडे गाडी नेली, त्याने टर्बोला हातही लावला नाही, आधी व्हॅक्यूम गेज लावला, आयडलला व्हॅक्यूम कमी. मग वरचं बेल्ट कव्हर काढलं, क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) बोल्टला पाना लावून इंजिन हाताने हळूहळू फिरवलं, खालची खूण जुळवली आणि टॉर्च मारून मला म्हणाला बघा. कॅम पुलीवरची खूण कव्हरवरच्या खुणेच्या अलीकडेच थांबलेली, बरोबर एका दाताने. जुन्या मालकाने कुठल्यातरी गॅरेजमध्ये बेल्ट बदलून घेतला होता, तिथे दात चुकला आणि गाडी तशीच दिली. एक दात म्हणजे किती तर हिशेब बघा, पुलीला समजा ४० दात असले तर एक दात म्हणजे कॅमचे ९ डिग्री, आणि कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो म्हणून क्रँकचे १८ डिग्री. एवढ्या फरकाने गाडी चालू होते, चालते, पण दम नसतो. कधी पी १३४० कोड येतो, म्हणजे कॅम आणि क्रँकच्या सेन्सरचा मेळ बसत नाही, माझ्यात तोही आला नव्हता. बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप सगळं एकदम बदललं, खुणा जुळवल्या, आणि मुंबई नाक्याहून पाथर्डी फाट्यापर्यंत चालवत आणली तेव्हा मला वाटलं गाडी बदलून दिली की काय.

म्हणून तुमचं पहिलं काम पुली नाही, शून्य शोधणं. खुणा जुळतात का, आणि मागच्या चेनच्या दोन स्प्रॉकेटवरच्या खाचांच्या मध्ये १६ रोलर आहेत का, हे दोन्ही बघून घ्या. चेन चुकलेली असेल तर दोन कॅमचा एकमेकांशीच संबंध बिघडलेला असतो, पुली कितीही फिरवा उपयोग नाही. त्यानंतर बूस्ट लीक, म्हणजे टर्बोची हवा कुठे गळते का ते. डायव्हर्टर व्हॉल्व्हचा (पाय सोडल्यावर जादा बूस्ट परत वळवतो तो) पडदा फाटतो, होज पाइप कडक होऊन चिरतात, गाडीला वीस वर्षं झालीत म्हटल्यावर हे असणारच. स्मोक टेस्ट (पाइपांत धूर सोडून गळती शोधतात ती) करून घ्या, त्यात जे सापडेल ते दुरुस्त करून जेवढा पिकअप येईल तेवढा पुलीने कधीच येणार नाही हे मी छातीठोक सांगतो.

पुलीचा खरा उपयोग कुठे होतो माहितेय का, हेड (सिलिंडरांवरचा इंजिनाचा वरचा भाग) उतरवून फेसिंग मारलेलं, म्हणजे घासून सपाट केलेलं असेल तर. हेड घासलं की कॅम क्रँकच्या किंचित जवळ येतो आणि दात बरोबर असूनही टायमिंग थोडं मागे पडतं, दातापेक्षा कमी, त्यामुळे बेल्टने ते सुधारता येत नाही, पुलीने येतं. जुन्या मालकाला नक्की विचारा गाडी कधी गरम होऊन हेड गॅस्केट गेलं होतं का.

हे सगळं करूनही लावायचीच असेल तर पुलीवरच्या रेषा कॅमच्या डिग्रीच्या आहेत का क्रँकच्या ते आधी कळू द्या. तुम्हाला सांगितलेले सहा जर कॅमचे धरलेत तर ते क्रँकचे बारा झाले. हे इंजिन व्हॉल्व्ह पिस्टनला लागणारं आहे, आणि ॲडव्हान्स करताना पिस्टन वरून खाली निघाला की लगेच इनटेकचे व्हॉल्व्ह त्याच्या सर्वात जवळ येतात, तीन तीन व्हॉल्व्ह आहेत तिथे. प्रत्येक बदलानंतर स्टार्टर मारायच्या आधी इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा, कुठे अडल्यासारखं वाटलं तर जोर लावू नका, थांबा आणि मागे या. पुलीचे छोटे बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळायचे, ते सैल झाले तर टायमिंग चालत्या गाडीत सरकतं.

मी स्वतः कॅमचे दोन डिग्री पुढे घेऊन बघितले. शहरात मस्त, कॉलेज रोडच्या ट्रॅफिकमध्ये दुसऱ्या गिअरमध्ये गाडी हलकी वाटायला लागली. मग मे महिन्यात मुंबईहून येताना कसारा घाट, चार माणसं, एसी चालू, तिसरा गिअर, आणि पाय दाबला की गाडी ओढायच्या ऐवजी जड होत गेली. लॅपटॉप लावून व्हीसीडीएसमध्ये (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर) ०२० नंबरचा ब्लॉक, म्हणजे आकड्यांचा गट बघितला, त्यात चारही सिलिंडरचं नॉकमुळे मागे घेतलेलं इग्निशन (ठिणगीची वेळ) दिसतं, दोन सिलिंडर सहा डिग्रीच्या वर मागे गेलेले. म्हणजे कॅमने जे दिलं ते ईसीयूने (इंजिनाच्या कॉम्प्युटरने) इग्निशन मागे खेचून परत घेतलं. आता गाडी एक डिग्रीवर आहे, ९५ ऑक्टेनचं पेट्रोल टाकतो आणि ०२० मध्ये उन्हाळ्यातही आकडे शांत असतात. ताकद वाढवणं हाच हेतू असेल तर चांगल्या माणसाकडून रीमॅप (ईसीयूची सेटिंग बदलणं) करून घ्या, या इंजिनात मोठी उडी त्यानेच मिळते, आणि कॅम हलवलेला असेल तर मॅप करणाऱ्याला ते सांगा, नाहीतर त्याचे आकडे जुळणार नाहीत.

बदल करायच्या आधी आणि नंतर एकाच मोकळ्या रस्त्यावर, तिसऱ्या गिअरमध्ये २००० ते ४५००, ०२० आणि ११५ हे दोन ब्लॉक लॉग करा, ११५ मध्ये मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट दोन्ही येतात. सकाळच्या गार हवेत एकदा आणि दुपारी उन्हात एकदा. कमेंटमध्ये ते आकडे आणि खुणांचा फोटो टाका, मी बघून सांगतो पुली डब्यातून काढायची का नाही.