दोन्हीपैकी कशात स्कोप आहे?

प्रश्न: आम्ही सहा वर्षं आयर्लंडमध्ये, कॉर्कला आहोत. लेक १५ वर्षांची, कमोगी (मुलींचा काठी-चेंडूचा आयरिश खेळ) आणि गेलिक फुटबॉल (हातापायाने खेळायचं आयरिश फुटबॉल) दोन्ही खेळते, दोन्हीकडे काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, अंडर-१६ टीममध्ये आहे. मी मॅचचे व्हिडिओ काढतो आणि घरी येताना गाडीत चुका समजावतो. हल्ली गुडघा दुखतो म्हणते, पण ती अभ्यास टाळायची सबब असावी. दोन्हीपैकी कशात स्कोप आहे, कशात प्रो होता येईल? एकच गेम ठेवू म्हणतो. – एक बाबा

उत्तर: तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या गुडघ्याच्या वाक्यावर अडकले. सबब असावी असं तुम्ही ठरवलंत कशावरून? डॉक्टरला दाखवलंत का, फिजिओला दाखवलंत का, पत्रात काहीच नाही. जरा हिशेब मांडा, दोन क्लब टीम, दोन काउंटी टीम आणि शाळेची धरली तर पाच ठिकाणचे कोच, प्रत्येकजण आपापल्या टीमपुरतं बघतो आणि पोरीचे पाय आठवड्यात एकूण किती धावले हे कुणालाच माहीत नसतं. दोन गेम खेळणाऱ्या पोरांचा हा तिथला जुनाच त्रास आहे. त्यात या वयात मुलींना गुडघ्याचं लिगामेंट, एसीएल, तुटायचा धोका मुलांपेक्षा जास्त असतो, आणि ते तुटलं की ऑपरेशन आणि जवळजवळ वर्ष घरी. म्हणून या आठवड्यात फिजिओ, बाकी सगळं नंतर. आणि सगळ्या कोचना एका मेसेजमध्ये घेऊन तिचं आठवड्याचं वेळापत्रक पाठवा. हे काम बापाचं आहे, व्हिडिओ काढणं नाही.

आता प्रो व्हायचं. इथे तुमचा मोठा गैरसमज झालाय, आणि आपल्याकडे क्रिकेट बघत वाढलेल्या माणसाचा होणारच. गेलिक गेम्समध्ये, म्हणजे या आयरिश खेळांमध्ये, खेळाडूला पगार नसतो. त्यांची मुख्य संघटना जीएए १८८४ साली आयर्लंडमधल्या थर्ल्स गावी सुरू झाली तेव्हापासून हे खेळ हौशीच आहेत, कमोगी आणि महिला फुटबॉल चालवणाऱ्या वेगळ्या संघटनांचंही तेच. डब्लिनच्या क्रोक पार्क स्टेडियमच्या ८२,३०० सीट भरल्या तरी फायनल जिंकलेला माणूस पुन्हा आपल्या नोकरीवर जातो. काउंटीच्या खेळाडूंना सरकारी ग्रँट मिळते पण त्यावर घर चालत नाही. तुमच्याच कॉर्कचा टेडी मॅकार्थी, १९९० मध्ये हर्लिंग (पुरुषांचा कमोगीसारखा खेळ) आणि फुटबॉल दोन्हीच्या ऑल-आयर्लंड, म्हणजे देशपातळीच्या, फायनल जिंकला, एकाच वर्षी दोन्ही फायनल मैदानावर खेळून जिंकणारा तो एकटाच, त्यालाही पगार नव्हता. आणि रीना बकली, तीही कॉर्कचीच, फुटबॉलची ११ आणि कमोगीची ७ अशी १८ ऑल-आयर्लंड मेडल्स, दोन्ही टीमची कॅप्टन म्हणून कप उचललेला, आणि पेशाने फिजिओथेरपिस्ट. म्हणजे कशात स्कोप आहे हा प्रश्न तिथे लागूच होत नाही. पैसे घेऊन खेळायचं तर गेलिक फुटबॉलवाल्या काही मुली ऑस्ट्रेलियाच्या एएफएलडब्ल्यू, म्हणजे महिलांच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या, लीगमध्ये जातात, मेयो काउंटीची कोरा स्टॉन्टन गेली होती, पण ती वाट मोजक्यांची आणि वेगळ्या खेळाची, १५ व्या वर्षी त्यावर घर बांधू नका.

अभ्यासाचं म्हणाल तर लीव्हिंग सर्ट (तिथली बारावी), सीएओ पॉइंट्स (कॉलेज प्रवेशाचे गुण), मेडिकलला एचपॅट (प्रवेश परीक्षा), हे तुम्हाला तिथली शाळा नीट सांगेल. यूसीसी (कॉर्क) आणि यूएल (लिमरिक) यांच्यासारख्या युनिव्हर्सिटी गेलिक गेम्ससाठी स्कॉलरशिप देतात, ते लक्षात ठेवा, बास.

एक गेम सोडायचा का? कधीतरी सोडावा लागेलही, वरच्या लेव्हलला दोन्ही संघटनांच्या मॅचेस एकाच दिवशी येतात आणि मुलींना निवड करावी लागते, यावर तिथे कितीतरी वर्षं भांडणं चाललीत. पण ते तिने ठरवायचं, तिच्या मैत्रिणी ज्या टीममध्ये आहेत ते बघून, ज्या दिवशी हातात काठी घेऊन बाहेर पळावंसं वाटतं ते बघून. तुम्ही स्कोप बघून ठरवलंत तर उरलेला गेमही ती तुमच्यासाठी खेळेल, आणि असं खेळणारी पोरं लवकर सोडतात, माझ्यासमोर बसून रडलेली आहेत.

आणि ती गाडी. मॅच हरल्यावर पंधराव्या वर्षी गाडीतून उतरताही येत नाही हो. बापाचा आवाज चालूच, खिडकीकडे बघत बसायचं. महिनाभर गाडीत मॅचबद्दल एक शब्द नको, जेवायला काय करू एवढंच विचारा, ती आपणहून बोलली तर ऐका.

तुमच्या एवढ्या लांब पत्रात ती कुठल्या पोझिशनला खेळते हे कुठेच नाहीये. पुढच्या पत्रात ते लिहा, दोन्ही गेममधलं. आणि फिजिओ काय म्हणाला तेही.