हिपॅटायटिस ए, बी, सी, डी, ई: सख्खे भाऊ की नुसते आडनावबंधू?

प्रश्न: मुलाला लहानपणीच हिपॅटायटिस बीची लस दिलेली, तरी गेल्या पावसाळ्यात कावीळ झालीच. डॉक्टर म्हणाले ही ए आहे, ती लस हिला चालत नाही. ए, बी, सी एकाच कुटुंबातले व्हायरस ना, मग एकाची लस दुसऱ्याला का चालू नये? आणि व्हायरसचं कुटुंब ठरवतं तरी कोण? (एक वाचक, सातारा)

उत्तर: गोची तुमच्या त्या "एकाच कुटुंबातले ना" मध्येच आहे बघा. हिपॅटायटिस म्हणजे लिव्हरला सूज, बस्स. हे आडनाव पाटील-कुलकर्णीसारखं कामावरून पडलेलं, आणि गावोगाव पाटील भेटतात म्हणून सगळे काही एका भावकीतले नसतात. लिव्हरवर जाऊन बसणारे पाच वेगवेगळे व्हायरस सापडले, डॉक्टरांनी सगळ्यांना तेच आडनाव दिलं आणि पुढे ए बी सी डी ई लावलं.

नाती काढायला गेलं तर ए हा पोलिओच्या घरातला. सीची सोयरिक निघते डेंग्यूशी. ई तिसऱ्याच घरातला. बी तर डीएनएवाला, पण स्वतःची कॉपी काढताना मधेच आरएनए बनवतो आणि त्यावरून परत डीएनए लिहितो, अशी उलटी लिखाई करणारं एन्झाइम एचआयव्हीकडेही आहे, त्यामुळे लांबचा का होईना तो एचआयव्हीचा नातेवाईक. आणि डी म्हणजे अजबच प्रकरण, साधारण 1700 अक्षरांचा गोल आरएनए, अंगावर घालायला स्वतःचा कोट नाही, बीचा कोट उसना घेतल्याशिवाय दुसऱ्या पेशीत शिरताच येत नाही. म्हणून गंमत अशी की बीची लस घेतली की डीपासूनही संरक्षण मिळतं, पण ते नात्यामुळे नाही, कोटामुळे!

नात्यामुळे लस चालल्याचं उदाहरण हवं असेल तर देवी. 1796 मध्ये इंग्लंडच्या डॉक्टर जेन्नरने गायीच्या देवीतला पू टोचला आणि तो माणसाच्या देवीला चालला, कारण ते दोन व्हायरस खरंच जवळचे भाऊबंद. याउलट कांजिण्यांचे फोड देवीसारखे दिसतात म्हणून आपल्याकडे दोन्हींना एकाच रांगेत बसवतात, पण कांजिण्या हर्पिसच्या घरातल्या (नागीण हा तोच व्हायरस, म्हातारपणी वगैरे परत उठलेला). आणि हर्पिसचे पूर्वज शोधत गेलं तर वाट जाते बॅक्टेरिया खाणाऱ्या शेपटीवाल्या फेज व्हायरसकडे, कारण दोघांच्या कवचातल्या मुख्य प्रोटीनची घडी एकसारखी आहे. मला स्वतःला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरं वाटलं नव्हतं.

आता ठरवतं कोण? 1966 पासून यासाठी शास्त्रज्ञांची एक आंतरराष्ट्रीय समिती आहे. आधी आजार कोणता, मायक्रोस्कोपखाली आकार कसा, यावर भागायचं. 1971 मध्ये डेव्हिड बाल्टिमोर या अमेरिकन शास्त्रज्ञाने वेगळाच प्रश्न विचारला, की या व्हायरसकडे डीएनए आहे की आरएनए, आणि प्रोटीन बनवायचा निरोप, म्हणजे एमआरएनए, तो कुठल्या रस्त्याने तयार करतो? त्यावरून पडलेले गट, आता सात, अजून शिकवतात. पण ते गट म्हणजे कामाची पद्धत, वंशावळ नव्हे, आपला बी आणि एचआयव्ही त्यात दोन वेगळ्या गटांत पडतात.

वंशावळ काढायची तर जीन्स जुळवायला लागतात आणि तिथेच घोडं अडतं. माणूस, वड, बॅक्टेरिया सगळ्यांकडे रायबोसोमचे, म्हणजे पेशीतल्या प्रोटीन बनवणाऱ्या यंत्राचे, जीन असतात, त्यावरून सगळ्यांचं एक झाड काढता येतं, पण सगळ्या व्हायरसमध्ये सापडेल असा एकही जीन नाही. बहुतेक आरएनएवाल्यांकडे निदान आरएनएवरून आरएनए कॉपी करायचं एन्झाइम सामाईक आहे, त्यावरून त्यांचं झाड निघतं, इतरांना तेही नाही. म्हणून समितीने सर्वात वर एकच मूळपुरुष न मांडता रेल्म नावाची वेगवेगळी मोठी कुळं केलीत. थोडक्यात व्हायरस एकदाच जन्मले असं मानायला आधार नाही.

आपल्याकडचंच एक नाव यात आहे. 1965 मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात ताप आलेल्या लोकांच्या रक्तात पुण्याच्या संशोधकांना नवा व्हायरस सापडला. पसरतो वाळूमाशीमुळे, मुलांना मेंदूज्वर होतो, कुत्रा चावण्याशी काही संबंध नाही, तरी तो निघाला रेबीजचा चुलत भाऊ, तोच बंदुकीच्या गोळीसारखा आकार. 2021 मध्ये समितीने व्हायरसना दोन शब्दी नावं द्यायचं ठरवलं, त्यानुसार आता याचं शास्त्रीय नाव व्हेसिक्युलोव्हायरस चांदीपुरा.

तर तुमच्या मुलाला ए होऊन गेलाय, तो सहसा परत होत नाही. घरात धाकटं भावंड असेल तर एची लस वेगळी मिळते, मुलांच्या डॉक्टरांना विचारून घ्या. सीला मात्र अजून लस नाही.