दिवस गेल्याचं कळायच्या आधी वाईन घेतली होती. डॉक्टरांना सांगावं का?

तुम्ही विचारलंय की सहावा आठवडा असल्याचं परवा कळलं, आणि त्याआधी दोन शनिवारी मैत्रिणींबरोबर दोन-दोन ग्लास वाईन झाली होती. यजमान म्हणतात, डॉक्टरांकडे विषय काढू नकोस, आई सोबत असते. मैत्रीण म्हणते, परदेशात बायका नऊही महिने एखादा ग्लास घेतात, काही होत नाही.

डॉक्टरांना सांगा. आणि आजपासून थेंबही नको.

मी मुंबईत पालिकेच्या एका प्रसूतिगृहात बावीस वर्षं सिस्टर होते, त्यातली बरीचशी वर्षं गरोदर बायकांच्या ओपीडीत गेली. म्हणून आधी तुमच्या भीतीचं बोलते. कळायच्या आधी थोडी दारू झालेल्या बायका पुष्कळ असतात आणि त्यांतल्या बहुतेकींची बाळं चांगली होतात. एवढ्यावरून पाडून टाकायचा विचार मनात आला असेल किंवा कुणी घातला असेल, तर तो काढून टाका. झालं ते झालं, पुढचे आठ महिने तुमच्या हातात आहेत.

आता मैत्रिणीचं म्हणणं. इंग्लंडमध्ये २०१६ पर्यंत थोडी सूट होती हे खरं. पहिले तीन महिने टाळा, नंतर घ्यायचीच असेल तर आठवड्यातून एक-दोनदा अगदी थोडी, असा सल्ला तिथे दिला जायचा. २०१६ मध्ये तिथल्या सरकारी डॉक्टरांनी तो बदलला आणि अजिबात न घेणंच सुरक्षित असं सांगितलं. वाईनचं घर असलेल्या फ्रान्समध्येसुद्धा २००७ पासून बाटलीवर गरोदर बाईचं चित्र काट मारून छापतात. एका ग्लासाने नुकसान होतंच असं कुणी सिद्ध केलेलं नाही. पण किती घेतली तर चालते, तो आकडाही कुणाला सापडलेला नाही. आणि गरोदर बाईला दारू पाजून तो शोधायचा तरी कसा?

दारू वारेतून सरळ बाळाकडे जाते. आईच्या रक्तात जेवढी, जवळपास तेवढीच बाळाच्या रक्तात. आपलं यकृत ती जिरवतं, बाळाचं अजून त्या तयारीचं नसतं. गर्भजलातही ती उतरते आणि बाळ तेच पाणी गिळत असतं. मेंदू तर नऊही महिने घडत असतो, म्हणून ‘तिसरा सरला की चालतं’ हे चूक आहे. १९६८ मध्ये फ्रान्समधल्या नान्तच्या आणि १९७३ मध्ये अमेरिकेतल्या सिएटलच्या डॉक्टरांनी खूप पिणाऱ्या आयांच्या मुलांचं वर्णन लिहिलं: नाकाखालची खाच सपाट, वरचा ओठ पातळ, डोळे बारीक, वाढ खुंटलेली. पण ज्यांच्या मेंदूला इजा होते त्यांतल्या बहुतेक मुलांच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाही. सोनोग्राफीतही नाही. ते मूल शाळेत जातं, लक्ष लागत नाही, हिशेब जमत नाही, राग आवरत नाही, आणि घरात त्याला मठ्ठ म्हणून मार बसतो. मला याचंच सर्वांत वाईट वाटतं.

आपल्याकडे हा विषय निघतच नाही. गरोदरपणातल्या तपासणीचं कार्ड (एएनसी कार्ड) भरताना मी स्वतः वर्षानुवर्षं विचारत आले, “दारू-तंबाखू काही घेत नाही ना?” उत्तर प्रश्नातच दिलेलं. शेजारी सासूबाई पिशवी धरून उभ्या. कोण हो म्हणेल? सरकारी पाहणीत महाराष्ट्रातल्या पिणाऱ्या बायका एक टक्क्याहूनही कमी दिसतात. घरी येऊन तोंडावर विचारल्यावर किती जणी खरं बोलल्या असतील, असं मला नेहमी वाटतं.

एक बाई आठवते. सातवा महिना, कंत्राटावर सफाईचं काम करायची. सासू केसपेपरच्या रांगेत गेली तेव्हा, दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळलेला असताना, ती हळूच म्हणाली, “सिस्टर, गटाराचा वास सहन होत नाही, म्हणून क्वार्टरमधली थोडी घेते. बाळाला लागेल का?” मी म्हटलं, “अगंबाई, कार्डावर लिहावं लागेल.” तिने दंड मागे ओढला, पट्टा स्वतःच सोडला आणि उठली. पुढच्या तारखेला आली नाही, नंतरही नाही. तिने विश्वासाने विचारलं होतं आणि मी तिला कार्डाची भीती घातली.

त्यानंतर मी सासू-नवऱ्याला बाहेर बसवून विचारायला लागले, “शेवटची कधी घेतली होतीस?” तेव्हा कळायला लागलं. डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाचे कान फुटतात म्हणून जावेने बिअर पाजलेली. खोकल्यावर चमचा-चमचा ब्रँडी. बाळंतपणानंतर द्यायचं दशमूलारिष्ट हे आयुर्वेदिक औषध आधीच सुरू केलेलं, आणि ते आंबवलेलं असतं, म्हणजे त्यात थोडी दारू असते, हे कुणाच्या ध्यानीमनी नाही. बिअरला तर कुणी दारू मानतच नाही. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची एक बाटली म्हणजे व्हिस्कीचे चार स्मॉल पेग, साधा हिशेब आहे.

सासूबाई आत येतातच ना? वजन-बीपीसाठी आत एकटीला बोलावतात, तेव्हा सिस्टरला सांगा, “मला डॉक्टरांशी दोन मिनिटं एकटीने बोलायचंय.” कुणी कारण विचारणार नाही. मग किती ग्लास, कोणत्या आठवड्यात, एवढंच सांगा, आणि फॉलिक ॲसिड सुरू नसेल तर विचारून घ्या. यजमानांना हे उत्तर वाचायला द्या. तुमच्या पोटात बाळ असेपर्यंत त्यांनीही घरात बाटली उघडू नये असं मला वाटतं, समोर ग्लास भरला जात असताना एकटीने नाही म्हणणं फार जड जातं.

हे वाचणारी कुणी रोज पिणारी असेल, तर तिने मात्र एकदम स्वतःच्या मनाने बंद करू नये. हात थरथरणं, घाम, फिट येणं असं होऊ शकतं, आणि ते आई-बाळ दोघांनाही धोक्याचं आहे. मुंबईत केईएम, सायन, नायर या पालिकेच्या रुग्णालयांत बाळंतपणाच्या विभागाबरोबर मानसोपचार विभागही आहे. तिथे दाखल होऊन, देखरेखीखाली सोडता येते. जायचा धीर होत नसेल तर १४४१६ या नंबरवर, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनवर, आधी फोनवर बोला, पैसे लागत नाहीत.