अहवालात सगळे हिरवेच कसे?

प्रश्न : तीन महिन्यांपूर्वी एका अवाढव्य कंपनीत विभागप्रमुख म्हणून माझी बढती झाली. पूर्वी माझ्या हाताखाली 40 माणसे होती आणि प्रत्येकाला मी नावाने ओळखत असे. आता ती 4,000 झाली असून माझ्यापासून शेवटच्या कर्मचाऱ्यापर्यंत चार पायऱ्या आहेत. दर आठवड्याच्या आढावा बैठकीत सर्व कामे वेळेवर असल्याचे सांगितले जाते आणि महिनाअखेरीस काहीतरी रखडल्याचे ग्राहकाकडून कळते. माझे लोक माझ्याशी खोटे बोलतात का? मधल्या अधिकाऱ्यांना वगळून मी थेट खालच्या लोकांशी बोलावे का?

उत्तर : बहुधा कोणीच खोटे बोलत नसावे, आणि म्हणूनच हे दुखणे लवकर लक्षात येत नाही. मी नोकरीत असताना एका वाक्याचा प्रवास जवळून पाहिला होता. सगळ्यात खालच्या पायरीवर ते असे होते : ‘यंत्राचा सुटा भाग आलेला नाही, तो येईपर्यंत माल जाणार नाही.’ पर्यवेक्षकाने वर लिहिले, ‘सुट्या भागाची अडचण आहे, पाठपुरावा चालू आहे.’ त्याच्या वरिष्ठाने ‘किरकोळ अडचणींवर काम चालू’ असे केले, आणि शेवटच्या तक्त्यात त्या ओळीसमोर हिरवी, म्हणजे ‘काम सुरळीत’ची, खूण पडली. प्रत्येकाने आपल्या परीने वाक्याचा एकच कोपरा घासला होता. पाठपुरावा खरोखरच चालू होता.

पायऱ्या कमी करून हे सुटेल, असे वाटणे साहजिक आहे. पण एका माणसाच्या हाताखाली 8 माणसे धरली, तरी चौथ्या पायरीवर 4,096 माणसे होतात. म्हणजे आपल्या विभागाला तेवढ्या पायऱ्या लागणारच. हाताखालची संख्या वाढवत नेली, तर दुसरीच अडचण उभी राहते. व्यवस्थापन सल्लागार व्ही. ए. ग्रेकुनास यांनी 1933 मध्ये मांडलेल्या हिशोबानुसार हाताखाली 5 माणसे असतील, तर प्रमुखाला लक्षात घ्यावे लागणारे परस्परसंबंध (एकेकट्याशी, त्यांच्या गटांशी आणि त्यांचे आपापसातील) 100 होतात आणि सहावा येताच ते 222 वर जातात. (हा हिशोब जरा पुस्तकी आहे, कारण सगळेच संबंध रोज डोके वर काढत नाहीत, पण सहाव्या माणसाने बैठक किती लांबते, हे ज्याने अनुभवले आहे त्याला तो पटतो.) तेव्हा पायऱ्या राहणार हे धरून चालावे आणि वाईट बातमी त्या चढून वर येईल, एवढे पाहावे.

अ‍ॅलन मुलाली 2006 मध्ये फोर्ड कंपनीचे प्रमुख झाले, तेव्हा कंपनी त्या एका वर्षात 12 अब्ज डॉलरहून अधिक तोट्यात जाणार होती, आणि तरीही दर गुरुवारच्या आढाव्यात वरिष्ठ अधिकाऱ्यांचे तक्ते हिरवेगार असत. आपण अब्जावधी गमावणार आहोत, मग बिघडलेले काहीच नाही का, असे त्यांनी विचारले. पुढे त्या अधिकाऱ्यांपैकी मार्क फील्ड्स यांनी एका नव्या गाडीतील दोषामुळे तिचे काम थांबवल्याचे लाल रंगात दाखवले, तेव्हा खोलीत शांतता पसरली. आता यांची गच्छंती होणार, असे इतरांना वाटले. मुलालींनी टाळ्या वाजवल्या आणि यांना कोण मदत करू शकेल, असे विचारले. त्यानंतरच्या आठवड्यांत इतरांच्या तक्त्यांवरही पिवळे आणि लाल रंग दिसू लागले.

या प्रसंगातील टाळ्या सर्वांच्या लक्षात राहतात; मला मात्र त्यानंतरचा प्रश्न अधिक मोलाचा वाटतो. ‘हे कोणामुळे झाले?’ असे आपण प्रथम विचारले, तर पुढच्या वेळी अडचण सांगणारा माणूस ती सांगण्यापूर्वी दहा वेळा विचार करील. टोयोटाच्या कारखान्यात दोष दिसताच कामगाराने ओढायची दोरी असते, ती याच कारणाने टिकली. दोरी ओढली म्हणजे लाइन तत्काळ थांबते असे नाही. आधी टीम लीडर धावत येतो, आणि गाडी ठरलेल्या जागी पोहोचण्यापूर्वी दोष निघाला, तर काम चालूच राहते. दोरी ओढणाऱ्याला प्रथम मदत मिळते, चौकशी मागाहून होते.

आता आपला दुसरा प्रश्न. खालच्या लोकांशी अवश्य बोला, पण मधल्या अधिकाऱ्यांना आधी सांगून बोला आणि त्या भेटीत कोणताही निर्णय देऊ नका. आपण तिथल्या तिथे रजा मंजूर केली किंवा एखादे काम थांबवले, तर त्या क्षणापासून मधल्या माणसाचे कोणी ऐकणार नाही, आणि आपल्याकडे 4,000 माणसांचे अर्ज येऊ लागतील. ऐका, टिपून घ्या आणि निर्णय त्याच्याच हातून होऊ द्या. ‘काही अडचण?’ असे विचारू नका, त्याचे उत्तर ‘नाही साहेब’ असेच येते. ‘गेल्या आठवड्यात तुमचे काम सर्वांत जास्त वेळ कशासाठी अडून राहिले?’ असे विचारून पाहा.

प्रश्न : मी मोठ्या कंपनीत टीम लीडर आहे. वरून आलेला एक निर्णय मला स्वतःलाच पटलेला नाही. तो टीमला कसा सांगावा?

उत्तर : ‘वरून आले आहे, मी काय करणार’ असे म्हणून मोकळे होऊ नका, त्याने आपण टीमच्या बाजूचे ठरत नाही, फक्त बिनकामाचे ठरतो. पटल्याचे नाटकही करू नका. निर्णय काय आहे, त्यामागचे कारण काय आणि त्यात अजून काय बदलू शकते, या गोष्टी वेगवेगळ्या करून सांगा. कारण ठाऊक नसेल, तर ते विचारायला वर जाताना टीमचे नेमके प्रश्न लिहून न्या. उत्तर कोणत्या दिवशी सांगाल, हे टीमला आधीच सांगा, आणि त्या दिवशी उत्तर आलेले नसले, तरी ‘अजून आलेले नाही’ एवढे सांगण्यासाठी त्यांच्यासमोर उभे राहा.