बास्केटबॉलमध्ये बॅकअप सेंटर म्हणून बाहेर खेळायला जाऊ का, या प्रश्नाचं लांबलचक उत्तर

तुझा प्रश्न थोडक्यात असा की वय २२, उंची २०६ सेंमी, एका एजंटनं युरोपातल्या सेकंड डिव्हिजनच्या क्लबची ऑफर आणलीय, आठ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, राहायला घर, दोघांत मिळून एक गाडी, आणि रोल काय तर बॅकअप सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणाऱ्या उंच माणसाचा बदली. घरचे म्हणतात हातची नोकरी सोडू नकोस. मी नऊ सीझन हेच काम केलंय, चार देश, सात क्लब, आणि एकाही सीझनला सरासरी सहा पॉइंटच्या वर गेलो नाही. आता जर्मनीत राहतो, ज्युनिअर पोरांना शिकवतो. तेव्हा जरा सविस्तर लिहितो, निवांत वाच.

आधी ते बॅकअप म्हणजे नक्की काय ते समजून घे, कारण एजंट हे कधीच धड सांगत नाहीत. क्लबला त्यांच्या मेन सेंटरच्या गुडघ्याचा भरवसा नाही म्हणून ते तुला घेतायत, बाकी सगळं गोड बोलणं. तो फिट असला की तुला मॅचमध्ये १०-१२ मिनिटं, त्याला लवकर दोन-तीन फाउल झाले की १८, आणि तो लांबच्या इंज्युरीनं बाहेर गेला तर तुला वाटेल चला आता आपला नंबर, दोन आठवडे तू स्टार्ट करशील, दणकून खेळशील, आणि तिसऱ्या आठवड्यात क्लब तुझ्यापेक्षा मोठं नाव कुठूनतरी उचलून आणेल आणि तू परत १० मिनिटांवर. माझ्याबरोबर हे तीनदा झालं. पहिल्यांदा झालं तेव्हा मी महिनाभर रुसून होतो, मला वाटायचं कोच माझ्यावर खार खाऊन आहे, त्या बिचाऱ्याच्या डोक्यात मी नव्हतोच.

म्हणून एजंटला पहिला प्रश्न पगाराचा विचारू नकोस. विचार की पहिला सेंटर कोण आहे, त्याचं वय किती, मागच्या दोन सीझनला तो किती मॅच खेळला. आणि दुसरं, माझ्या आधी ही जागा कोणाकडं होती आणि तो का गेला. ह्या दोन उत्तरांत तुझं पुढचं वर्ष दिसेल.

तिसरी गोष्ट म्हणजे परदेशी खेळाडूंचा कोटा, ही आपल्यासारख्यांना सगळ्यात जास्त नडते. बहुतेक लीगमध्ये टीममध्ये किती परदेशी चालतील ह्याला मर्यादा असते, आणि युरोपात क्लब त्या जागा शक्यतो पॉइंट काढणाऱ्या गार्डवर (बॉल पुढं नेणारे, कमी उंचीचे खेळाडू) खर्च करतात. बॅकअप सेंटर त्यांना लोकलच हवा असतो, थोडा कमी चांगला असला तरी चालतो. म्हणजे तू परदेशी जागा अडवून १० मिनिटं खेळणार असशील तर क्लबला दर मॅचनंतर प्रश्न पडणार की ह्याच्या जागी एखादा शूटर आणला असता तर. जपानच्या बी-लीगमध्ये (२०१६ ला सुरू झाली) उलटं आहे, तिथं परदेशी जागा बहुतेक उंच माणसांनाच जातात. आणि कोरियात तर २०१८ ला परदेशी खेळाडू २ मीटरच्या आतलाच पाहिजे असा नियम काढला होता, लीगमधला सगळ्यात जास्त पॉइंट काढणारा डेव्हिड सायमन मोजणीत २०२ भरला आणि गेला घरी! पुढच्या वर्षी नियम काढून टाकला, पण ज्याचं वर्ष गेलं त्याचं गेलं. उंचीवर पोट असलेल्या माणसाला उंचीमुळंच काढलं, ह्यावर आम्ही ड्रेसिंग रूममध्ये बरेच दिवस हसायचो, जरा घाबरूनच.

आता तू म्हणशील असं फिरत राहून कोणाचं भलं झालंय का. झालंय की. टोनी मॅसेनबर्ग बघ, १९९० ला एनबीएच्या (अमेरिकेतली टॉप लीग) ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवीन खेळाडू पाळीपाळीनं निवडतात त्यात, स्पर्स टीमनं सेकंड राउंडमध्ये ४३ व्या नंबरवर घेतला, मग एनबीएमध्ये एकूण १२ टीम, मधेमधे युरोपात पण खेळून आला, आणि शेवटी फिरून त्याच स्पर्समध्ये येऊन २००५ ची चॅम्पियनशिप. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ते हेच. टीमच्या संख्येत पुढं गेला तो इश स्मिथ, १३ टीम, पण तो गार्ड. दुसरा ॲरन बेन्स, ऑस्ट्रेलियाचा, लिथुआनिया, जर्मनी, ग्रीस, स्लोव्हेनिया असं करत करत २०१३ ला स्पर्समध्ये पोचला आणि २०१४ ला त्यांच्याबरोबर चॅम्पियन. तो स्टार कधीच नव्हता, पण स्क्रीन (समोरच्याच्या वाटेत अंगानं आडवं उभं राहणं) असा लावायचा की समोरच्या गार्डला दोन दिवस बरगडी आठवावी.

आणि हेही बघ. २०१५ ला सतनाम सिंग ड्राफ्ट झाला, एनबीएची मॅव्हेरिक्स टीम, ५२ वा नंबर, भारतात जन्मलेला पहिला ड्राफ्ट झालेला खेळाडू, केवढी बातमी झाली, पण एनबीएची एकही मॅच त्याच्या नावावर नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सिम भुल्लर, साडेसात फुटाला थोडा कमी, कॅनडाचा, ड्राफ्टमध्ये कोणी घेतलाच नव्हता, त्याला सॅक्रामेंटो किंग्जनं १० दिवसांचं कॉन्ट्रॅक्ट दिलं आणि तो तीन मॅच खेळला, मग पुढं तैवानमध्ये. ड्राफ्टचा नंबर, एजंटची लिस्ट, लीगचं नाव, सगळं एकीकडं आणि कुठल्या आठवड्यात कोणाला उंच माणूस कमी पडतोय ते एकीकडं.

ते १० दिवसांचं कॉन्ट्रॅक्ट तुझ्या कामाचं नाही असं वाटेल पण आहे, कारण तिकडची उतरंड हलली की खालची सगळी मडकी हलतात. एनबीएमध्ये जी कॉन्ट्रॅक्ट गॅरंटीड नसतात ती १० जानेवारीला पूर्ण सीझनसाठी पक्की होतात, म्हणून टीम त्याच्या दोन-चार दिवस आधी लोक सोडून देतात. १० दिवसांची कॉन्ट्रॅक्ट पण ५ जानेवारीपासूनच सुरू होतात, एका टीमकडून सीझनला जास्तीत जास्त दोन, तिसऱ्या वेळी एकतर उरलेल्या सीझनसाठी घ्या नाहीतर सोडा. वर टू-वे कॉन्ट्रॅक्टवाले, टीममागं तिघं, थोडे दिवस जी-लीगमध्ये (एनबीएची खालची लीग), थोडे दिवस वर. ह्या चाळणीतून जे खाली पडतात ते युरोपातल्या मोठ्या क्लबला जातात, तिथला बॅकअप मधल्या क्लबला, आणि मधल्याचा बॅकअप येतो तुझ्या सेकंड डिव्हिजनला, तुझ्या खुर्चीवर. मला दर जानेवारीत पोटात गोळा यायचा. एकदा सकाळी प्रॅक्टिसला गेलो तर माझ्या लॉकरशेजारी नवीन बूट, साइज ५१. काय ते कळलं.

कॉन्ट्रॅक्टबद्दल. युरोपात आकडा बहुतेक नेट असतो, म्हणजे टॅक्स क्लब भरतो, पण तसं कागदावर लिहिलेलं असलं पाहिजे. मेडिकल झाल्यावर कॉन्ट्रॅक्ट पक्कं होतं का आणखी काही दिवसांची ट्रायल ठेवलीय ते बघ, ट्रायल असेल तर नोकरीचा राजीनामा ती संपल्यावरच दे. इंज्युरी झाली तर पगार चालू राहणार का, ऑपरेशन कुठं आणि कोणाच्या पैशानं, हे दोन्ही स्पष्ट शब्दांत पाहिजे. बेन्सचंच उदाहरण, २०२१ ला टोकियो ऑलिंपिकमध्ये मॅच चालू असताना बाथरूममध्ये घसरून पडला, मणक्याच्या नसांना मार, परत चालायला शिकावं लागलं त्याला. २०२२ ला ऑस्ट्रेलियात परत खेळला हे त्याचं कर्तृत्व. पण कोर्टवर नाही, बाथरूममध्ये! तुझ्या कागदावर फक्त मॅच आणि प्रॅक्टिसमधली इंज्युरी लिहिली असेल तर सांग कसं करणार.

आणि एक क्लॉज असलाच पाहिजे, भांडण झालं तर बीएटीकडं जायचं. ते फिबाचं (बास्केटबॉलची आंतरराष्ट्रीय संघटना) लवाद मंडळ, २००७ पासून आहे, जिनिव्हाला. एकच लवाद बसतो, कुठल्या देशाचा कायदा काय म्हणतो ह्यात न शिरता न्याय्य काय ते बघून निकाल देतो, आणि क्लबनं पैसे दिले नाहीत तर फिबा त्या क्लबला नवीन खेळाडू नोंदवायला बंदी घालू शकतं. क्लब ह्याच बंदीला घाबरतात. माझ्या चौथ्या वर्षी एका क्लबनं (नाव सोड) तीन महिने पगार थकवला, मॅनेजर रोज म्हणायचा स्पॉन्सरचे पैसे शुक्रवारी येतायत, शुक्रवार काही उजाडला नाही. माझ्या कॉन्ट्रॅक्टमध्ये हा क्लॉज नव्हता, कारण मी वाचलंच नव्हतं, सही करून मोकळा झालो होतो. शेजारच्या खोलीतल्या पोराकडं होता, त्याला फी आधी भरावी लागली पण वर्षभरानं पैसे मिळाले. मी अजून शुक्रवारची वाट बघतोय. शिवाय देश बदलताना आधीच्या फेडरेशनकडून लेटर ऑफ क्लिअरन्स लागतं, त्याशिवाय नवीन क्लब तुला उतरवूच शकत नाही, ते आत्तापासून मागून ठेव, आपल्याकडचे कागद वेळेवर येतील ह्या भ्रमात राहू नकोस.

व्हिसा क्लबला बांधलेला असतो, क्लबनं सोडलं की राहायचा हक्क पण लटकतो. जर्मनीत प्रोफेशनल खेळाडूच्या परवान्यासाठी पगार पेन्शन विम्याच्या मर्यादेच्या निदान निम्मा लागतो आणि फेडरेशननं तुझ्या लेव्हलची खात्री द्यावी लागते, म्हणजे फारच कमी पगाराची ऑफर असेल तर परवानाच अडकेल. तुझी ऑफर कुठल्या देशातली ते लिहिलं नाहीस, तिथलं बघून घे.

आता खेळ. हे मला सगळ्यात आवडतं लिहायला. फिबाच्या नियमांत मॅच ४० मिनिटांची, फाउल पाचच (मग बाहेर), आणि डिफेन्समध्ये तीन सेकंदाची भानगड नाही, रिंगखाली ठाण मांडून उभा राहा खुशाल. बॉल रिंगला लागला की रिंगवरचा पण हातानं उडवता येतो, एनबीएत तसं चालत नाही. उंच माणसाला ही सोन्याची खाण आहे, मी नऊ वर्षांत जेवढे ब्लॉक केले त्याहून जास्त असे उडवले असतील. पण १० मिनिटांत तुला कोणी पोस्टमध्ये (रिंगकडं पाठ करून उभा असताना) बॉल देणार नाही, ती स्वप्नं विसर. स्क्रीन लाव, जोरात रोल कर (वळून रिंगकडं पळ), बॉक्स आउट कर (रिबाउंडसाठी समोरच्याला पाठीनं अडव), आणि बोल. समोरच्यांच्या पिक अँड रोलच्या (हेच स्क्रीन आणि रोल) वेळी मागून ओरडून गार्डला सांगणं हे तुझं अर्धं काम. भाषा येत नसली तरी डावीकडं, उजवीकडं, स्क्रीन, स्विच, मदत एवढे शब्द पहिल्या आठवड्यात त्यांच्या भाषेत पाठ कर. मला एका कोचनं फक्त आवाजासाठी दुसऱ्या वर्षी ठेवलं होतं, त्यानंच तसं सांगितलं.

शूटिंग पण शिक. नुसत्या रिंगखालच्या सेंटरची किंमत कमी झालीय, एनबीएनं २०१२ ला ऑल-स्टारच्या (चाहते मत देतात ती स्टार खेळाडूंची मॅच) मतपत्रिकेवरून सेंटर ही जागाच काढून टाकली, तेव्हा आम्ही चिडलो होतो. एनबीएचा सेंटर ब्रूक लोपेझनं पहिल्या ८ सीझनमध्ये मिळून ३१ थ्री (तीन पॉइंटचे लांबचे शॉट) मारून बघितले होते, मग २०१६-१७ च्या एका सीझनला ३८७. तो वाचला. मी शिकलो नाही आणि २९ व्या वर्षानंतर फोन कमी झाले, इंज्युरीमुळं नाही, ह्याच्यामुळं.

अवघड काय सांगू का? बसणं. वॉर्मअप करून ३० मिनिटं बेंचवर, शरीर थंड, आणि अचानक कोच नाव घेतो, समोर ताजातवाना १२० किलोचा माणूस, पहिल्याच पझेशनला तो तुला ढकलून बास्केट करतो आणि सगळं स्टेडियम बघतं. मी दर क्वार्टरला बेंचमागच्या सायकलवर पाच मिनिटं बसायचो, लोक हसायचे, हसू दे. बेंचवर बसून दोन्ही सेंटरचे फाउल मोजायची सवय लाव, आपल्या माणसाला तिसरा झाला की कोच वळायच्या आधी जॅकेट काढ.

तर जाऊ का? माझं मत, जा, पण नोकरीवाले बिनपगारी रजा देतायत का ते आधी विचार, आठ महिनेच आहेत. इंज्युरी आणि बीएटीचा क्लॉज घालायला क्लब नाही म्हणाला तर जाऊ नकोस, पगार कितीही असो. कॉन्ट्रॅक्टचा कागद आला की आकडे झाकून मला पाठव, मी बघतो. आणि क्लबला फ्लॅटमधल्या पलंगाची लांबी आत्ताच विचारून घे, हसू नकोस, पहिल्या वर्षी मी नोव्हेंबरपर्यंत जमिनीवर गादी टाकून झोपलोय.