ग्रहण लागणाऱ्या जोडताऱ्यांभोवती ग्रह आहे, हे कसं ओळखतात? वावरातून दिसेल का?

तुम्ही लिहिलंय की रात्रीची लाइन असली की हरभऱ्याला पाणी द्यायला वावरात जागता, हाताशी द्विनेत्री आहे, तर असा ग्रह त्यातून सापडेल का. ग्रह नाही सापडणार. पण ज्या ग्रहणांच्या वेळांवरून ग्रहाचा संशय घेतात, तसली ग्रहणं नुसत्या डोळ्यांनी दिसतात. मी बुलढाणा जिल्ह्यातल्या खेड्यातून बघतो.

ययातीतला अल्गोल धरा. जानेवारीत अंधार पडला की तो डोक्यावरून जरा उत्तरेला असतो. तिथले दोन तारे 2 दिवस 20 तास 49 मिनिटांत एकमेकांभोवती फिरतात. अंधुक तारा उजळ ताऱ्यासमोर येतो तेव्हा 2.1 प्रतीचा अल्गोल 3.4 पर्यंत उतरतो (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तेवढा तारा मंद). सगळं ग्रहण साधारण 10 तासांचं, त्यामुळे पाण्याची पाळी बदलता बदलताही फरक कळतो.

अशी जोडी म्हणजे आयतं घड्याळच. तिच्याभोवती ग्रह असेल तर त्याच्या ओढीने अख्खी जोडी थोडी हलते, कधी आपल्या जवळ, कधी लांब. प्रकाशाला तेवढा कमी-जास्त वेळ लागतो आणि ग्रहण आधी किंवा उशिरा दिसतं. किती? दोन्ही ताऱ्यांचं मिळून वस्तुमान सूर्याएवढं आणि गुरूसारखा ग्रह गुरूएवढ्याच अंतरावर असेल, तर फार तर अडीच सेकंद पुढे, अडीच मागे, तेही 12 वर्षांच्या फेऱ्यात. डोळ्यांनी ग्रहणाचा मध्य पकडताना काही मिनिटं इकडेतिकडे होतातच. शिवाय पृथ्वी स्वतः सूर्याभोवती फिरते, त्यानेच अल्गोलच्या वेळा पावणेआठ मिनिटांपर्यंत सरकतात. ती वजाबाकी आधी करावी लागते.

खरं सांगू, नुसत्या वेळांवरून जाहीर झालेल्या ग्रहांवर माझा फारसा भरवसा नाही. एचयू अ‍ॅक्वेरी या जोडीभोवती 2011 मध्ये दोन ग्रह सांगितले गेले. गणित करून पाहिलं तर त्या कक्षा काही हजार वर्षंही टिकेनात. रोहिणीजवळ दिसणाऱ्या पुंजक्यातल्या व्ही471 टॉरी या जोडीभोवती तपकिरी बटू, म्हणजे ग्रहाहून जड पण तारा न झालेला गोळा, असावा असं वेळांवरून वाटत होतं. चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीने थेट शोध घेतला, तिथे काहीच दिसलं नाही, हे 2015 मध्ये जाहीर झालं. ताऱ्याच्या चुंबकीय उलाढालींनी त्याचा आकार किंचित बदलतो आणि जोडीचा फेरा कमी-जास्त होतो, हे अ‍ॅपलगेट या खगोलशास्त्रज्ञाने 1992 मध्येच मांडलं होतं. म्हणजे ग्रह नसतानाही वेळ चुकू शकते.

पक्का पुरावा अधिक्रमणाचा, म्हणजे ग्रह ताऱ्यासमोरून जाण्याचा. केप्लर-16 मध्ये दोन तारे 41 दिवसांत फिरतात आणि शनीएवढ्या वस्तुमानाचा ग्रह 229 दिवसांत दोघांना वळसा घालतो. तो मोठ्या ताऱ्यासमोरून गेला तेव्हा प्रकाश 1.7 टक्के घटला. हाही शोध 2011 चाच.

गंमत पुढे आहे. तारे स्वतःच फिरत असल्याने ग्रहाची अधिक्रमणं ठरल्या अंतराने येत नाहीत, कधी आखूड, कधी लांब. प्रकाशाच्या आलेखात समान अंतराच्या खाचा शोधणारा संगणक इथे गोंधळतो, माणसाचा डोळा नाही. टीओआय-1338 या जोडीचा ग्रह 2019 मध्ये नासात उमेदवारी करणाऱ्या शाळकरी मुलाच्या नजरेस पडला. पीएच1 हा असाच ग्रह तर 2012 मध्ये घरबसल्या आलेख बघणाऱ्या हौशी लोकांनी शोधला.

नासाच्या टेस या अवकाश दुर्बिणीचे आलेख आजही ‘प्लॅनेट हंटर्स टेस’ या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. पावसाळ्यात आभाळ भरलेलं असतं तेव्हा ते काढून बसा, मोबाइलचा टॉवर तेवढा चालू असला म्हणजे झालं.